शंभर मिली आणि पायलचा डावा हात

नाही, पण मी काय म्हणतो, आत किती आहे ते बघा ना! बाटली काय बघता? आत बोटभर ऐवज, तोही तळाला चिकटलेला, बाटली उलटी धरली तर तोंडापर्यंत यायला त्याला सकाळची दुपार होईल... पण नाही! बाटलीवर दीडशे लिहिलंय ना, मग दीडशेच! आमच्या बिल्डिंगवरच्या टाकीवर पाच हजार लिटर लिहिलंय, मार्चपासून ती कोरडीठाक आहे, मग काय आम्ही ते अक्षर वाचून आंघोळी करायच्या? तुम्हाला सांगतो, आत किती आहे ते कुणी बघत नाही, बाटली केवढी आहे ते बघतात!

कुणाचं काय झालं म्हणता? आमच्या पायलचं. नाशिकला सिडकोत पवननगरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे ना, त्याला लागून जे ब्यूटी पार्लर आहे ते चालवते ती पायल. मधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड, त्यामुळे तिकडे कुणाची भुवई जरा जास्त गेली तरी इकडे मला कळतं. पण ही हकिकत भिंतीतून आलेली नाही हां. ही तिनं माझ्यासमोर स्टुलावर बसून सांगितलीय, डावा हात मांडीवर ठेवून. त्या हाताचं सांगतो पुढे. आधी लग्न.

पुंजाअण्णा म्हणून द्राक्षांचे एक्सपोर्टर आहेत. दिंडोरीकडे बागा, गंगापूर रोडला बंगला, बंगल्याला दोन गेट, एक माणसांचं आणि एक कुत्र्याचं. त्यांच्या संजनाचं लग्न ठरलं. आता नाशिकमध्ये लग्नाला जागा कमी आहेत का हो? कुठल्याही रस्त्यानं निघा, लॉन्सला लागून लॉन्स, एका लग्नाचे लोक दुसऱ्या लग्नात जेवून जातात तरी कळत नाही! पण अण्णांच्या व्याह्यांना समुद्र पाहिजे होता. बरं, समुद्र काय अलिबागला नाही? तो चालत नाही. तो आपला, ओळखीचा समुद्र. त्यांना परका पाहिजे! म्हणून लग्न कुठे, तर थायलंडला. नाशिकची पोरगी, नाशिकचा पोरगा, दोघांच्या घरात अंतर फार तर चार किलोमीटर, आणि अक्षता टाकायला तीनशे माणसं परदेशात!

संजना हट्टाला पेटली, म्हणाली, "मेकअपला पायलताईच पाहिजे. ती नसेल तर मी उभीच राहणार नाही." लाड नव्हता तो. सहावीत असताना दिवाळीत तिच्या तोंडाशी भुईनळा फुटला होता. डाव्या जबड्यावर, कानाच्या खालून हनुवटीकडे येणारा चांगला रुंद डाग राहिला. डॉक्टर झाले, मुंबईचे झाले, डाग राहिला तो राहिलाच. बारावीच्या गॅदरिंगला ती पायलकडे आली आणि खुर्चीत बसून नुसती रडली. पायल तेव्हा नवीन होती, पार्लरात आरसा एक आणि खुर्च्या दीड. तिनं चार महिने खटपट केली. ह्या शेडमध्ये ती शेड, त्यात तिसरी, त्यात नारंगी रंगाचा ठिपका, लावून बघ, पुसून टाक, उन्हात बघ, ट्यूबलाइटखाली बघ... शेवटी असा रंग जमला की तो लावला की डाग कुठे होता ते संजनाच्या आईलासुद्धा बोट ठेवून दाखवता येईना. एका रिकाम्या झालेल्या बॉडी लोशनच्या बाटलीत तिनं ते मिश्रण भरून ठेवलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'संजू'. बास. आणि गंमत बघा, त्या तीन शेडमधली एक कंपनीनं बनवायचीच बंद केली! म्हणजे त्या बाटलीत जे उरलंय तेवढंच. जगात दुसरीकडे कुठे नाही.

नवऱ्या मुलाला हे सगळं माहीत होतं हां. संजनानं पहिल्याच भेटीत तोंड धुऊन दाखवलं होतं त्याला. पायलला म्हणाली, "ताई, त्याला माहितीये गं. पण त्याच्या चार आत्या आहेत. त्यांना नाही माहिती, आणि मला लग्नातच त्यांची शाळा भरवायची नाहीये."

आता तिकीट. तिकिटाची प्रिंट मीच काढली, म्हणून मीच आधी वाचलं. हातातलं सामान सात किलो. विमानाच्या पोटात जाणारं सामान... शून्य! मी पायलला हाक मारली, म्हटलं, बाई, हे वाच. तिनं तिथूनच नवनाथला फोन लावला. नवनाथ म्हणजे अण्णांचा मॅनेजर, तिकिटं काढणारा. त्याचा आवाज असा, नाकातून येणारा, वर गोड: "ताईऽऽ, सगळ्या स्टाफला सातच किलो हे. शेठ म्हणले, लग्नाला चाललोय, घर बदलायला नाय."

"अहो नवनाथभाऊ, माझं सगळं सामान पातळ असतं! ते हातात नेता येत नाही. घरच्या कुणाच्या बॅगेत टाका ना माझा एक डबा."

"घरचे तर परवाच चालले ना ताई. आन् त्यांच्या बॅगा फुल हेत. पाहुण्यांना वाटायला द्राक्षाच्या पेट्या घेतल्यात आपण."

ऐकलंत? द्राक्षं पोटात आणि नवरीचं तोंड हातात! बरं, त्या द्राक्षांना तरी विचारलं का कुणी, तुम्ही शंभर मिलीच्या आत आहात का म्हणून?

मग सुरू झाली भरणी. आणि तिथे उगवला पायलचा नवरा, रवी. रवी अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये आहे, माणूस चांगला, पण त्याला मोबाइल दिला की तो तज्ज्ञ होतो. विमानात आयुष्यात पाय ठेवलेला नाही. विमान म्हणजे ओझरच्या विमानतळावरून उठलेलं गच्चीवरून बघितलेलं. पण त्यानं चार दिवस व्हिडिओ बघितले आणि पाचव्या दिवशी घरात असा फिरायला लागला की जणू पायलट घरी सुट्टीवर आलाय! "हे बघ पायल, नियम साधा आहे. प्रत्येक बाटली शंभर मिली. सगळ्या बाटल्या मिळून एका पारदर्शक झिपच्या पिशवीत. पिशवी एक लिटरची. एका माणसाला एकच पिशवी. संपलं."

संपलं म्हणे! नवरीच्या मेकअपचं सामान कधी बघितलंय तुम्ही? प्रायमर, फाउंडेशनच्या आठ शेड, कन्सीलर, सेटिंग स्प्रे, मस्कारा, पापण्यांचा गोंद, तो गोंद काढायचं पाणी, केसांचा स्प्रे, केसांचं सीरम, लिपग्लॉस, नखांचा रंग, तो पुसायचं वेगळंच... आणि हे एका लिटरच्या पिशवीत! आपल्याकडे नुसतं दूध तेवढ्या पिशवीत येतं!

त्यात आधी वाद, पातळ म्हणजे काय? रवी म्हणतो, "जे सांडतं ते लिक्विड. जे पिळतं ते लिक्विड. जे फवारतं ते लिक्विड." पायलची सासू लंकाबाई कोपऱ्यात बसून मेथी निवडत होती, ती म्हणाली, "आन् तूप?"

"तूप काय करायचंय, आई?"

"नाय, इचारते. गोठलेलं आसलं तं?"

रवी विचारात पडला. पाच मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, आणि वर बघून म्हणाला, "गोठलेलं असलं तरी लिक्विड." लंकाबाई म्हणाली, "मंग थिजलेला मानूस कश्यात मोजत्यात?" आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. तुम्हाला सांगतो, त्या घरात डोकं त्या बाईला एकटीला आहे!

छोट्या बाटल्या तिनंच मिळवून दिल्या. होमिओपॅथीच्या डॉक्टरकडून रिकाम्या बाटल्या आणल्या, तिच्या डोळ्यांच्या थेंबांच्या धुऊन दिल्या, अत्तराच्या आणल्या शेजारून. पायल रात्रंदिवस फनेलनं ओतत होती. बाटलीला चिकटपट्टी, पट्टीवर मार्करनं अक्षर. 'प्रा', 'से', 'गों'. मग रवी वजनकाट्यावर उभा, हातात बॅग, मग बॅग खाली ठेवून रवी एकटा, मग वजाबाकी. सात किलो दोनशे! दोनशे ग्रॅमसाठी पायलनं स्वतःची चप्पल काढली, टॉवेल काढला, शेवटी स्वतःचा लग्नात घालायचा ड्रेस काढला आणि साधा सुती ठेवला. लग्नात नवरीला सजवणारी बाई, आणि स्वतः जाणार सुती ड्रेसमध्ये!

राहिली ती 'संजू'ची बाटली. आत किती? फार तर चार चमचे. घट्ट, सायीसारखं. होमिओपॅथीच्या बाटलीचं तोंड पेन्सिलीएवढं, त्यात ते उतरेना. काडीनं ढकलायचं तर अर्धं काडीलाच राहणार. आणि जे उरलंय ते जगात तेवढंच! पायलनं रवीला विचारलं, "अहो, ही बाटली तशीच नेली तर?"

रवीनं बाटली हातात घेतली, हलवली, दिव्यासमोर धरली आणि म्हणाला, "आत किती आहे? वीस मिली. नियम किती? शंभर. मग कशाला घाबरतेस? बिनधास्त ने."

"अहो पण बाटलीवर दीडशे लिहिलंय."

"बाटलीवर काही का लिहीना! ते काय वेडे आहेत का?"

तीनदा विचारलं हो तिनं. तीनदा! आणि तीनदा त्यानं सांगितलं, ते काय वेडे आहेत का. त्या बिचाऱ्याला वाटलं जग सरळ चालतं, लोक आतलं बघतात... आत किती आहे ते कुणी बघत नाही रे बाबा, बाटली केवढी आहे ते बघतात!

सकाळी गाडी आली. गाडीत आधीच एक गृहस्थ बसलेले, मांडीवर रेग्झिनची बॅग कवटाळून. गोटीराम आचारी, येवल्याचे. पुंजाअण्णांना बाहेरचं खाऊन पोटात कळ येते, म्हणून लग्नात एक रस्सा तरी गोटीरामचाच पाहिजे, असं हे प्रकरण. कसारा घाट उतरेपर्यंत पायल त्यांना मामा म्हणायला लागली होती. मामांच्या बॅगेत कांदा-खोबऱ्याचं वाटण होतं, चांगला दोन किलोचा डबा. पायल म्हणाली, "मामा, ह्याला सोडतील का?"

"ह्याला काय व्हतंय? बाम्ब हाय का?"

मुंबईला विमानतळावर तपासणीची रांग. ट्रे घ्या, मोबाइल काढा, पट्टा काढा, पिशवी वेगळी ठेवा. मामांची बॅग मशिनमधून आली ती थेट दुसऱ्या पट्ट्यावर, बाजूला. गणवेशातल्या मॅडमनी डबा उघडला. काळ्या मसाल्याचा असा भपकारा सुटला की मागच्या रांगेतला एक परदेशी माणूस शिंकला.

"ये पेस्ट है. नहीं जाएगा."

"म्याडम, ह्ये पेस्ट नाय! वाटण हाय! पेस्ट दाताला लावत्यात!"

"लिक्विड में आता है, अंकल."

"लिक्विड? उलटा करून दाखवू? एक थेंब पडला तं मिशी उतरवीन!"

मिशी राहिली, वाटण गेलं. माणूस डबा टोपलीत पडताना बघत उभा राहिला. आणि मॅडम वळल्या पायलच्या पिशवीकडे. एकेक बाटली बघितली. प्रा, से, गों. ठीक. ठीक. ठीक. पायलचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तेवढ्यात हातात आली 'संजू'.

"ये नहीं जाएगी. वन फिफ्टी एमएल है."

पायलनं बाटली उजेडात धरून दाखवली. "मॅडम, देखो ना, अंदर थोडासाच है. बीस एमएल पण नहीं होगा."

आणि मॅडमनी काय सांगावं? अगदी शांतपणे. रोज हजार वेळा सांगत असतील. "अंदर कितना है वो नहीं देखते. बोतल कितने की है वो देखते हैं."

तुम्हाला सांगतो, पायल म्हणते, त्या क्षणी तिला थायलंड दिसलं नाही, अण्णा दिसले नाहीत, तिला बारावीतली संजना दिसली, खुर्चीत बसून रडणारी. तिनं हात जोडले. म्हणाली, दुल्हन का है, एकच लडकी का है, दुकान में मिलता नहीं, हमने बनाया है... हिंदी सगळी विस्कटली बिचारीची. मॅडम वाईट नव्हत्या हो. त्यांनाही लेकीबाळी असतील. पण मागे रांग, वर कॅमेरा. म्हणाल्या, "छोटी बोतल में डाल लो." पायलनं 'गों'ची बाटली रिकामी करून बघितली, त्या पेन्सिलीएवढ्या तोंडात ते जाईना, बोटांना फासलं, ट्रेला लागलं. मागून एक गृहस्थ ओरडले, "ओ बाई, इथेच पार्लर टाकता का?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. वैतागल्या. म्हणाल्या, "अरे बहन, इतना ही प्यारा है तो लगा लो और जाओ!"

आता असं वाक्य माणूस बोलून जातो. त्याचा अर्थ, चला, आवरा. पण पायलला ते वाक्य म्हणजे देवानं दार उघडल्यासारखं वाटलं. तिनं डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारली, बाटलीचं झाकण दातानं उघडलं, कडेला नेलकटरनं बाटली चिरली, आणि ते सगळं, बोटानं पुसूनपुसून, मनगटापासून कोपरापर्यंत लावलं! पसरवलं नाही हां. जाड थर, जसं थालीपीठ थापतात तसा. मग रिकामी बाटली मॅडमच्या हातात दिली आणि म्हणाली, "अब?"

मॅडम बाटलीकडे बघतायत, हाताकडे बघतायत. नियमात हात नाही! शंभर मिलीचा हात, दीडशे मिलीचा हात, असं कुठे लिहिलेलंच नाही! पलीकडच्या महिला शिपायानं ते टूंटूं वाजणारं यंत्र फिरवलं. "हाथ पे क्या है?" "मेकअप." "हाथ पे?" "जी." यंत्र वाजलं नाही. सोडलं!

पायल सावळी, आणि संजनाचा रंग उजळ. त्यामुळे असं दिसत होतं की कोपराखाली कुणीतरी दुसऱ्याच बाईचा हात बसवलाय. तो हात तिनं वर धरलेला, कशाला लागू नये म्हणून. गेटापाशी खुर्चीत बसली तर एसीचा वारा थेट हातावर. पाच मिनिटांत कडा सुकायला लागल्या! पायल फुंकर घालेना, श्वास घेईना, डोळ्यांत पाणी. आणि तेव्हा गोटीराममामांनी तोंड उघडलं, वाटण गेल्यापासून पहिल्यांदा. "पोरी, मळलेली कणीक कशी ठेवत्यात ठाव हाय का तुला?" बॅगेतून त्यांनी तो प्लास्टिकचा पातळ कागद काढला, भांड्यांवर ताणून लावतात ना, त्याची अख्खी गुंडाळी, आणि तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत असा झाकला की हवेचा कण आत जाणार नाही. वर दोन रबरबँड. म्हणाले, "आता दोन दिवस बघायला नको."

विमानात ह्या दोघांना जागा शेजारी. हात वर. हवाई सुंदरी आली, वाकून विचारते, बर्न आहे का, डॉक्टर बोलावू का? पायल म्हणाली नो, नो, मेकअप. ती हसली आणि दर पंधरा मिनिटांनी येऊन बघून जायला लागली. खिडकीपाशी एक काका होते, ते आपलं कोपर असं आत घेऊन, अंग चोरून बसले ते उतरेपर्यंत, लघवीलासुद्धा उठले नाहीत! जेवण आलं तर मामांनी पाकिटं फोडून दिली, भाताचा घास तोंडात घेतला आणि म्हणाले, "ह्यात वाटण नाय," आणि डोळे मिटून घेतले.

थायलंडला उतरल्यावर पासपोर्ट बघणाऱ्यानं पासपोर्ट कमी आणि हात जास्त बघितला. तिथल्या माणसाला मराठी येत नाही, पायलला त्याची भाषा येत नाही, तिनं उजव्या हातानं गालावर पावडर लावल्यासारखं करून दाखवलं. त्यानं शिक्का मारला. काय समजला देव जाणे.

हॉटेलच्या खोलीत पोचल्यावर पायलनं कागद सोडला. चहाचा चमचा घेतला आणि हात खरवडला, हळूहळू, जशी दुधाच्या पातेल्याची खरवड काढतात तशी. अर्धं हातानं पिऊन टाकलं होतं. उरल्यातलं अर्धं कागदाला लागून गेलं. उरलं ते किती? चमचाभर. तिनं त्यात मॉइश्चरायझरचे चार थेंब घातले, चमच्याच्या मागच्या बाजूनं घोटलं, कपावर बशी पालथी घातली आणि संजनाला निरोप पाठवला. 'आलेय. संगीतच्या कार्यक्रमाला डावीकडून केस सोड. लग्नाला मी आहे.'

आणि लग्नाच्या दुपारी तिनं तो चमचाभर रंग लावला. ब्रश नाही, स्पंज नाही, कारण ते अर्धं स्वतःच पितात. नुसत्या करंगळीनं, टिंबटिंब. पाऊण तास. संजना आरशात बघेना. "ताई, राहिलं तर राहू दे," म्हणते. पायल म्हणाली, "गप्प बस, हलू नकोस." शेवटचं टिंब लावलं तेव्हा कप कोरडा. आणि डाग? नाही! समुद्राचं ऊन थेट तोंडावर, वारा, घाम, फोटोवाल्याचे दिवे, जवळून फोटो, लांबून फोटो... कुठेही नाही. संजना मंडपाकडे निघाली तेव्हा मान अशी ताठ, की पायल सुती ड्रेसमध्ये खांबाआड उभी राहून रडली. मामाही रडले, पण ते रश्श्यासाठी. बिनवाटणाचा केला होता. पुंजाअण्णांनी दोन वाट्या ओरपल्या आणि म्हणाले, "गोटीराम, आज हात जमलाय तुझा!" चवीचं कुणाला काय पडलंय? गोटीरामनं केला ना, मग चांगला. आत काय आहे ते कुणी बघत नाही, बाटली केवढी आहे ते बघतात!

आता तुम्हाला वाटलं असेल, झालं, गोड झालं, घरी जा. थांबा! चार आत्या राहिल्या ना.

त्या चौघी पहिल्या रांगेत, चौघींच्या अंगावर येवल्याच्या पैठण्या, चौघींचे डोळे असे, की तांदळातला खडा दहा फुटांवरून दिसेल. नवरीला वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं, काही सापडेना. बघायची सवय तर रिकामी पडलेली. आणि मग एकीला खांबाआड पायल दिसली. डावा हात दिसला. दिवसभर प्लास्टिकमध्ये कोंडलेला, मग चमच्यानं खरवडलेला, तो हात असा लालेलाल फुलला होता, त्यावर पुरळ, त्यावर ओरखडे.

"अगं बाई! ते काय आहे हो तिच्या हाताला?"

"तीच ना ती मेकअपवाली?"

"ह्याच हातानं नवरीला लावलं की काय?"

"पसरणारं तर नाही ना? मी तर सकाळी तिच्याकडून टिकली लावून घेतली हो!"

अख्ख्या लग्नात, तुम्हाला सांगतो, मंगलाष्टकांपासून पान खाईपर्यंत, दुसरा विषय नाही! नवरीच्या जबड्याकडे बघायला कुणाला फुरसत आहे? एका आत्यानं तर टिकली काढून हँड सॅनिटायझरनं कपाळ धुतलं. दुसरीनं अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्याकडे असलं कातडीचं कुणाला नाही ना? नाही म्हणजे, आमच्या घरात यायचीय मुलगी."

पायल सगळं ऐकत होती. तिला काय, सांगता आलं असतं! एक वाक्य बोलली असती तर चारही आत्यांची तोंडं बंद झाली असती. पण मग त्या वाक्यात संजनाचा जबडा आला असता. ती हात ओढणीत घेऊन उभी राहिली.

परत आली त्याला आठवडा झाला. रवीनं विचारलं, "सोडलं ना बाटलीला? मी म्हणालो होतो." तिनं डावा हात त्याच्या नाकासमोर धरला. लंकाबाईनं कोरफड आणून दिली, ती लावते दोन वेळा, पुरळ अजून गेलेलं नाही.

आणि काल, मी भिंतीच्या ह्या बाजूला झेरॉक्स काढतोय, तिकडे फोन वाजला. स्वतः पुंजाअण्णा! आवाज एवढा मोठा की फोन नसता तरी ऐकू आला असता. "पोरी, काम झकास केलंस हां! व्याही खूश, संजू खूश. फक्त ते हाताचं बघ. पाहुण्यांत चर्चा झाली, मला खाली बघायला लागलं. चांगल्या डॉक्टरला दाखव. पुढच्या साली धाकटीचं करायचंय, तोवर बरा करून ठेव, काय?"

मी मशिन बंद करून कान लावला. म्हटलं, आता बोलेल! आता सांगेल!

पायल म्हणाली, "हो अण्णा. दाखवते." आणि फोन ठेवून, डावा हात खाजवत, खुर्चीतल्या बाईला म्हणाली, "मान मागे घ्या ताई. नुसत्या आयब्रोच ना?"